तरती जमीन आणि तिच्या फटी

भिवंडीचें नांव निघालें कीं यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. परंतु गेल्या कांहीं दशकांत काल्हेर, पूर्णा, मानकोली, दापोडे या गांवांच्या शिवारांत पत्र्याच्या छपरांचीं प्रचंड गुदामें उभीं राहिलीं, आणि मुंबई-ठाण्याच्या संसाराचें पुष्कळसें सामान आतां त्यांतूनच पुढें जातें. दिवाणखान्यांत अंथरावयाच्या लांकडी जमिनीच्या पेट्याही त्यांत आल्या. मोठ्या हौसेनें बसविलेल्या अशा जमिनींत वर्षाच्या आंत फटी पडल्या म्हणजे घरोघर जी चिंता सुरू होते, तिचा येथें विचार करावयाचा आहे.

ही जमीन जुन्या माळ्याच्या तक्तपोशीसारखी नव्हे. तेथें सागवानी फळ्या तुळयांवर खिळ्यांनीं पक्क्या केलेल्या असत. फळी आकसली तर तिच्या कडेला केसाएवढी फट पडे आणि पावसाळ्यांत ती मिटे. प्रत्येक फळीचें सुखदुःख तिच्या जागींच राही. सागवान मुळांतच कमी हलणारें, आणि जाणता सुतार लांकूड मुरल्यावांचून त्याला रंधा लावीत नसे. नव्या जमिनीची फळी सुमारें ८ मिलिमीटर जाड, लांकडाचे तंतु दाबून केलेली, वर सागाचें किंवा अक्रोडाचें चित्र असलेली. १९९६-९७ च्या सुमारास स्वीडन व बेल्जम येथील कारखानदारांनीं तिच्या कडांना अशी खाच व जीभ दिली कीं, सरस नको, खिळा नको, एक फळी दुसरींत नुसती अडकवावी. सबंध जमीन फेसाच्या पातळ चटईवर मोकळी पडलेली असते. म्हणूनच तिला तरती म्हणावयाचें.

दाबलेल्या तंतूंना हवेची ओल फार लवकर कळते. खाडीकांठच्या या मुलुखांत जुलैमध्यें हवेंतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. फेब्रुवारीच्या दुपारीं ती पुष्कळ उतरते, आणि वातानुकूलित खोलींत अधिकच. मीटरमागें मिलिमीटर-दीड मिलिमीटर फरक पडला तरी पांच मीटरांच्या खोलींत त्याची बेरीज डोळ्यांत भरते. जमीन खरोखरच मोकळी असेल तर ती एकसंध आकसते व ती बेरीज भिंतीकडेच्या पट्टीखालीं लपते. पण एका अंगास पुस्तकांचें जड कपाट, दुसऱ्या अंगास दाराच्या चौकटीशीं घट्ट भिडलेली फळी, अशी ती दोहोंकडून दाबून धरली, म्हणजे मधला सर्वांत दुबळा सांधा उघडतो. हा सांधा बहुधा फळीच्या आंखूड टोकाचा असतो. गुदामाच्या तापलेल्या पत्र्याखालून आलेली पेटी त्याच दिवशीं फोडली तर तें दुखणें आधींच विकत घेतल्यासारखें होय. बंद पेट्या त्याच खोलींत निदान दोन दिवस आडव्या ठेवाव्या.

फट दिसतांच तींत लांबी भरून वर रंगाचा हात फिरविणारे कारागीर पुष्कळ भेटतात. काम तासाभरांत होतें आणि फेब्रुवारींत सुरेखही दिसतें. मृगानंतर मात्र फळ्या फुगूं लागल्या कीं मिटावयाला जागाच उरत नाहीं. जमीन कण्यासारखी वर उठते, आणि हजारों रुपयांचें काम उखडावें लागतें. लांबीचा हा उपाय रोगापेक्षां वाईट.

खरा उपाय सरकविण्याचा. प्रथम जड सामान उचलावें व फटींतील धूळ झाडून काढावी. एक वाळूचा कण अडकला तरी सांधा बसत नाहीं. मग कांच उचलण्याची रबरी पकड फळीवर बसवावी, अथवा दोन्ही अंगांनीं चिकटणाऱ्या पट्टीनें लांकडाचा ठोकळा चिकटवावा, आणि रबरी हातोडीनें फटीच्या दिशेनें हलके ठोके द्यावे. सांध्यांत लांकडाच्या पांढऱ्या सरसाचे दोनतीन थेंब सोडले तर तो पुन्हां सहसा उघडत नाहीं. वर आलेला सरस ओल्या फडक्यानें लागलीच पुसावा. ही फळी सरकली म्हणजे तिच्या मागें नवी फट पडते. घाबरण्याचें कारण नाहीं. त्याच क्रमानें ती फट एकेका फळीनें मागें नेत भिंतीशीं पोंचवावी. तेथें ८ ते १० मिलिमीटर जागा तर हवीच असते. अधिक झालेली पट्टीखालीं झांकली जाते. पट्टी बसवितांना खिळा भिंतींत जावा, जमिनींत नव्हे. हा एक खिळा चुकला कीं सारें मूळपदावर येतें.

जीभच तुटली असेल तर ठोकण्यानें कांहीं साधत नाहीं. जवळच्या भिंतीकडून पट्टी काढून त्या रांगेपर्यंतच्या फळ्या उलगडाव्या लागतात व तुटकी फळी बदलावी लागते. तेव्हां तोच रंग बाजारांत मिळेल याचा भरंवसा नसतो; म्हणून मूळ पेटींतल्या दोनतीन फळ्या पलंगाखालीं सपाट ठेवून द्याव्या, भिंतीला टेकून नव्हे, कारण उभी फळी वांकते.