अस्थिमज्जेचा दाता निवडतांना

रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या मुलाला घेऊन एखादें कुटुंब पनवेल तालुक्यांतील खारघर येथें, टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' या संस्थेंत येतें, तेव्हां औषधांपलीकडचा एक प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो : अस्थिमज्जा द्यावयाची कोणीं? आई पुढें येते, वडील पुढें येतात, बहीणहि तयार असते. माया सर्वांचीच सारखी. परंतु रक्त सर्वांचें सारखें नसतें.

भारतांतील पहिलें यशस्वी अस्थिमज्जारोपण १९८३ सालीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं केलें. पुढें हा विभाग खारघरला आला. दात्याची पहिली कसोटी मात्र बदललेली नाहीं. पेशींच्या पृष्ठावर 'एचएलए' नांवाचीं ओळखचिन्हें असतात. त्यांचें साम्य प्रथम पाहतात. तीं ठरविणारीं जनुकें सहाव्या गुणसूत्रावर असून त्यांचा अर्धा संच आईकडून व अर्धा वडिलांकडून येतो. म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण साम्याचा संभव चारांत एक. एकदोन मुलांच्या घरांत हा योग अनेकदां येत नाहीं. अशा वेळीं अर्ध्या साम्यावरहि आई, वडील किंवा भावंड यांची मज्जा घेतां येते. मग एकाच घरांत अनेक दाते संभवतात, आणि निवड अवघड होते.

येथें 'नैसर्गिक मारक पेशीं'चें शास्त्र पुढें येतें. १९७५ च्या सुमारास ओळखल्या गेलेल्या या पांढऱ्या रक्तपेशी पहारेकऱ्याप्रमाणें शरीरांत फिरतात. समोरच्या पेशीवर ओळखीचें एचएलए चिन्ह दिसलें कीं त्या हात आवरतात. तें नाहींसें झालें असल्यास त्या पेशीवर हल्ला करूं शकतात. हें चिन्ह पाहणारा त्यांचा डोळा म्हणजे 'किर' नांवाचे ग्राही. त्यांचीं जनुकें एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहेत; त्यामुळें एचएलए तंतोतंत जुळणाऱ्या भावंडांतहि तीं निराळीं असूं शकतात.

पत्रिकेंत जितके गुण जुळतील तितकें बरें, असा सर्वसाधारण समज. या दुसऱ्या पत्रिकेंत मात्र न जुळणें हेंच कधीं कधीं हिताचें ठरतें. दात्याच्या मारक पेशींना अपेक्षित असलेलें चिन्ह रोग्याच्या पेशींवर नसेल, तर उरल्यासुरल्या कर्कपेशींचा त्या नाश करूं शकतात. इटलींतील पेरुजा येथील रुजेरी, वेलार्दी आदि संशोधकांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगांत असा दाता मिळाल्यास रोग उलटण्याचें प्रमाण बरेंच घटतें.

परंतु आशेबरोबर सावधगिरीहि हवी. मज्जेवर कोणता संस्कार केला, औषधें कोणतीं दिलीं, यांवर हा परिणाम अवलंबून दिसतो. २०२० सालीं जर्मन रुग्णांच्या मोठ्या समूहावर पडताळा पाहिला असतां, किर जनुकांवर आधारलेलीं दातानिवडीचीं कांहीं सूत्रें खरीं ठरलीं नाहींत. म्हणून एचएलए साम्य, दात्याच्या चिन्हांविरुद्ध रोग्याच्या रक्तांत प्रतिद्रव्यें नसणें, दात्याचें वय व प्रकृति यांचा विचार अगोदर. दोन दाते सारखेच योग्य ठरले, तरच किरचा कौल घ्यावा, हें शहाणपणाचें.

श्रोत्यांच्या घरीं हा प्रसंग न येवो. आलाच, आणि आईला बाजूस ठेवून धाकट्या भावाची निवड झाली, तर त्या माउलीनें तो आपल्या मायेचा अव्हेर मानूं नये. तो निवाडा केवळ जनुकांचा, वयाचा आणि प्रकृतीचा असतो. रोपणानंतरच्या दीर्घ एकांतवासांत मुलाच्या उशाशीं बसावयाला कोणाचीहि चिन्हें जुळावीं लागत नाहींत.