पेट्रोल अडते कुठे?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितले, "काका, तुम्ही बँकेतले, बचतीवर बोला." मी म्हटले, बचतीवर बोललो की लोक उठून जातात. त्यापेक्षा आपल्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांवर बोलतो. माझी स्वतःची जुनी मारुती 800 त्यातच आहे. ती कधीमधी बंद पडते, चारजण जमतात आणि चार सल्ले मिळतात. "पंप गेला असेल." "कार्बोरेटर साफ करा." "प्लग बदलवा." सगळे प्रेमाने सांगतात. पण बंद पडलेल्या गाडीला प्रेमाचा उपयोग नसतो, तिला क्रम लागतो. हा धडा मला गडचिरोलीच्या जंगलात मिळाला, आणि तो स्वस्तात मिळाला नाही.

गोष्ट 1988 सालची आहे. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 ला, म्हणजे जिल्हा तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. माझी बदली आलापल्लीला झाली होती. आलापल्ली म्हणजे सागवानाचे गाव. रस्त्याला दोन्हीकडे उंच झाडी, आणि लाकूड-बांबूने भरलेले ट्रक बल्लारपूरच्या दिशेने जात असायचे. मी हौसेने एक वापरलेली प्रीमियर पद्मिनी घेतली होती. तिला आम्ही सगळे फियाटच म्हणायचो. शाखेतल्या लोकांना तिचा फार अभिमान, कारण गावात खाजगी मोटारी बोटावर मोजण्याइतक्या.

त्या पावसाळ्यात गाडीने एक खोड धरली. वीस-पंचवीस किलोमीटर नीट चालायची, मग चढ आला की हिसके द्यायची, दम लागल्यासारखी व्हायची आणि थांबायची. दहा मिनिटे थांबलो की पुन्हा सुरू. मी चंद्रपूरला आलो की गॅरेजला नेत असे. पहिल्या खेपेला पंप बदलवला. दुसऱ्या खेपेला कार्बोरेटर खोलून साफ केला. तिसऱ्या खेपेला प्लग, पॉइंट, कंडेन्सर. प्रत्येक वेळी मालक एक चक्कर मारून दाखवायचे, गाडी पळायची, मी पैसे देऊन परत यायचो. आठवड्याने पुन्हा तेच. तीन महिन्यांत माझा एक पगार त्यात गेला. सौ. म्हणायची, "विकून टाका ही." मी म्हणायचो, "आता सगळं नवीन घातलंय, आता कशी बिघडेल?"

ऑक्टोबरमध्ये आमच्या शाखेतल्या शिपायाच्या मुलाला ताप आला. आठ वर्षांचा पोरगा. तिसऱ्या दिवशी तो कुणाला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, मलेरिया डोक्यात चढतो आहे, ताबडतोब गडचिरोलीला न्या. दवाखान्याची गाडी दुसरा रुग्ण घेऊन आधीच गेलेली. शिपाई माझ्या दारात उभा राहिला. तो काही बोलला नाही, नुसता गाडीकडे पाहत होता.

आम्ही निघालो. मागे पोरगा आईच्या मांडीवर, बाप पुढे माझ्या शेजारी. गडचिरोली शंभर किलोमीटरच्या आसपास. दुपारची वेळ, ऑक्टोबरचे ऊन, टाकी अर्ध्याच्या खाली. आष्टी यायच्या आत गाडीने हिसके द्यायला सुरुवात केली आणि जंगलात थांबली. मी बोनेट उघडले आणि पाहत राहिलो. काय पाहायचे तेच मला माहीत नव्हते. नवा पंप, साफ केलेला कार्बोरेटर, नवे प्लग, सगळे चकचकीत दिसत होते. थोडे थांबून गाडी सुरू व्हायची, दोनशे पावले जायची, पुन्हा बंद. असे दोन तास गेले. आईने पदर पाण्यात भिजवून पोराच्या कपाळावर ठेवला होता, आणि त्या दोन तासांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

शेवटी गडचिरोलीला जाणारी एस.टी. आली. ड्रायव्हरने पोराकडे एकदा पाहिले, पुढची सीट रिकामी करवली आणि गडचिरोलीत स्टँडवर न जाता बस सरळ दवाखान्याच्या फाटकाशी नेऊन उभी केली. एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. पोरगा वाचला. पंधरा दिवसांनी घरी आला. त्याच्या उजव्या हाताची पकड मात्र वर्षभर कच्ची राहिली, पाटीवर पेन्सिल धरताना थरथरायची. त्या दोन तासांचा आणि त्या हाताचा काही संबंध होता की नाही, हे डॉक्टरांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. खरे सांगतो, विचारायची हिंमत झाली नाही.

गाडी ओढून आष्टीला आणली. तिथे झाडाखाली एक म्हातारा मिस्त्री बसायचा. त्याने बोनेटला हात लावला नाही. आधी मलाच विचारायला लागला.

"गाडी कवा बंद पडते जी? थंडी असताना का गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर."

"सपाटीवर का चढावर?"

"चढावर जास्त."

"बंद पडते तवा एकदम बंद, का हिसके देऊन?"

"हिसके देऊन."

"आन् टाकीत पेट्रोल किती राह्यते तवा?"

हा प्रश्न मला तीन महिन्यांत कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही नाही. आठवून पाहिले तर प्रत्येक वेळी टाकी अर्ध्याखाली होती. आणि गॅरेजला नेताना? गॅरेजला नेताना मी दर वेळी शहाण्यासारखी टाकी भरून नेत होतो! म्हणजे आजार असायचा तेव्हा डॉक्टर नसायचा, आणि डॉक्टर असायचा तेव्हा आजार दबलेला असायचा.

आता थोडे समजून घेऊ. या जुन्या गाडीत पेट्रोलचा रस्ता असा असतो. मागे टाकी. तिथून गाडीच्या पोटाखालून लोखंडी नळी पुढे येते. लोखंडी नळी हलत्या भागाला जोडायची तिथे रबरी नळीचे तुकडे. मग इंजिनला लागून पंप, त्यात एक लवचीक पडदा असतो आणि इंजिन फिरले की तो खालीवर होतो. पंप मागून पेट्रोल ओढतो आणि पुढे कार्बोरेटरच्या छोट्या हौदात ढकलतो. हौदात तरंगणारा फ्लोट असतो, हौद भरला की सुई तोंड बंद करते. आपल्या संडासाच्या फ्लशच्या टाकीसारखेच.

यातली मेख अशी की पंपाच्या पुढचा रस्ता दाबाचा आहे आणि मागचा रस्ता ओढीचा. पुढे नळी फुटली तर पेट्रोल बाहेर ठिबकते, वास येतो, कुणालाही कळते. मागे नळी तडकली तर बहुतेक वेळा थेंबही पडत नाही, कारण तिथे पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. टाकी भरलेली असली की पंपाला कमी ओढावे लागते, तड दबून राहते. पातळी उतरली, इंजिनला जास्त पेट्रोल हवे झाले, उष्णतेने रबर सैल पडले की हवा शिरते आणि पंप पेट्रोलऐवजी फेस ओढतो. पंप नवा घाला नाहीतर सोन्याचा घाला, तो फेसच ओढणार.

मिस्त्रीने एक काम केले. जवळच्या दवाखान्यातून सलाइनच्या नळीचा तुकडा आणला आणि पंप ते कार्बोरेटर या रस्त्यात तेवढ्यापुरता जोडला. इंजिन सुरू केले. त्या पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ चालली होती. मग पंपाला येणारी नळी काढून ती जागा त्याने वेगळ्या बाटलीतल्या पेट्रोलला जोडली. बुडबुडे बंद! म्हणजे पंप निर्दोष, कार्बोरेटर निर्दोष, दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये. पाच मिनिटांत त्याने गाडीखाली जाऊन टाकीजवळच्या रबरी तुकड्याला वाकवून दाखवले. वरच्या अंगाला तड होती, नखाएवढी. नवा तुकडा आणि दोन क्लिपा, सात रुपये.

मी बँकेतला माणूस. त्या रात्री मला लाज वाटली ती पैशांची नव्हे. संध्याकाळी ताळा जुळत नसेल तर आम्ही लेजर बदलवत होतो का? फरक किती ते आधी पाहायचो. फरकाला 9 ने भाग गेला तर कुठेतरी अंक उलटे पडले असतील, 54 चे 45 झाले असतील. फरकाच्या निम्म्याची नोंद सापडली तर ती जमेऐवजी नावे पडलेली. फरकच सांगतो की कुठे शोधायचे. हे मी रोज करत होतो, आणि गाडीच्या बाबतीत तीन महिने नुसती लेजरे बदलवत बसलो.

तर घरी लिहून ठेवा. जुनी, कार्बोरेटरची गाडी बंद पडली तर क्रम असा.

पहिले, पेट्रोल की ठिणगी? दिवा मालवावा तशी एकदम बंद पडली तर आधी विजेकडे पाहा. हिसके देत, धापा टाकत बंद पडली तर पेट्रोलकडे. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टरचे झाकण काढून अॅक्सिलरेटरची कळ हलवा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची चिळकांडी उडाली तर हौदात पेट्रोल आहे. नाही उडाली तर उपाशी आहे.

दुसरे, टाकी. काट्यावर विश्वास ठेवू नका, काटा खोटे बोलतो. टाकीचे झाकण उघडताना सुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बुजलेली आहे.

तिसरे, पंप. कॉइलची वायर काढून, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडून स्टार्टर फिरवा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात आले तर मागचा रस्ता ठीक, पुढे कार्बोरेटरची जाळी आणि सुई पाहा. मंद आले, फेसाळ आले तर मागे या.

चौथे, पंपाचा पडदा. इंजिनच्या ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर पडदा फाटून पेट्रोल खाली उतरते आहे. गाडी तशीच चालवू नका.

पाचवे, आपले चंद्रपूरचे ऊन. मे महिन्यात रेल्वे फाटकावर गाडी उभी राहिली आणि नंतर सुरूच होईना, तर बिघाड नसेलही. नळीत पेट्रोलची वाफ झाली असेल. पंपावर ओले फडके ठेवा, पंधरा मिनिटे सावलीत थांबा.

आणि या सगळ्याच्या आधी शून्यावा नियम. इंजिन गरम असताना पेट्रोलची नळी सोडू नका, जवळ विडी-काडी नको, मुले नकोत. पेट्रोलचा भडका विचारून येत नाही.

तुमच्या नव्या गाड्यांना यातले बरेचसे लागू नाही. त्यात विजेचा पंप टाकीतच बसवलेला असतो. चावी फिरवली की क्षणभर मागून बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहायला सांगा. त्या पंपाला भोवतालचे पेट्रोलच थंड ठेवते, म्हणून रोज रिझर्व्हवर गाडी हाकू नका. त्यातल्या नळ्यांत दाब फार असतो, त्यांना घरी हात लावू नका. आणि जुनी गाडी ठेवणाऱ्यांना आणखी एक. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या जातीचे रबर त्याने फुगते, तडकते. वर्षातून एकदा रबरी नळ्या वाकवून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे.

आता शेवटचे. आठ वर्षांपूर्वी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढेना, आठवते? मी खजिनदार होतो. चौघांनी सांगितले मोटर गेली, आपण नवी मोटर आणली, बिलावर सही माझी. पाणी तरी चढेना. मग रात्री अंथरुणात मला ती सलाइनची नळी आठवली. सकाळी पाहिले तर हौद आणि मोटर यांच्यामधल्या नळीचा सांधा हवा ओढत होता. म्हणजे तीस वर्षांनी मी तीच चूक पुन्हा केली, आणि या वेळी तुमच्या पैशांनी. जुनी मोटर अजून जिन्याखाली आहे, चांगली चालते. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी हे सांगितले नव्हते, ते आज सांगतो.

तो पोरगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. दिवाळीला फोन करतो. हात पूर्ण बरा झाला असे म्हणतो. "साहेब, फियाट आहे का अजून?" असे दर वर्षी विचारतो. मी दर वर्षी सांगतो, विकली. नळीचा तो तडकलेला तुकडा मात्र माझ्या कपाटात आहे, जुन्या पासबुकांच्या शेजारी. कुणाला पाहायचा असेल तर रविवारी सकाळी या, चहा घेऊ.

मुलांनो, वडापाव आले.