मतदारयादी : लोकशाहीचा उंबरठा



निवडणूक आली की चर्चा होते ती उमेदवारांची, जातींच्या गणितांची आणि सभांच्या गर्दीची. मतदारयादीचे स्मरण बहुतेकांना होते ते थेट मतदानाच्या दिवशी, आणि तेही स्वतःचे नाव सापडले नाही तर! वस्तुतः कौल मतपेटीत लागत असला, तरी तो कोणी द्यायचा हे यादीत ठरते. राज्यघटनेचे 326 वे कलम मताधिकार देते तो भारताच्या नागरिकाला. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 16 वे कलम त्याहून स्पष्ट आहे : जो नागरिक नाही, तो यादीत नाव नोंदविण्यास अपात्र.

परकीय नागरिकांची नावे यादीत घुसतात, हा आरोप केवळ राजकीय कांगावा आहे काय? आसामचा इतिहास तसे म्हणू देत नाही. 1979 मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणुकीसाठी यादीची तपासणी झाली आणि हजारो नावांवर आक्षेप आले. तेथूनच आसाम आंदोलनाचा वणवा पेटला. विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : आधी यादी शुद्ध करा, मग निवडणूक घ्या. तो प्रश्न डावलून 1983 ची निवडणूक लादली गेली. त्याच काळात, 18 फेब्रुवारीला, नेल्ली येथे अमानुष हत्याकांड घडले. प्रश्न वेळेवर न सोडविल्याची किंमत निरपराधांनी मोजली, हे विसरता येणार नाही.

त्याच वर्षी आलेल्या आयएमडीटी कायद्याने परकीय असल्याचे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावरच टाकला. घुसखोर शोधण्यासाठी केलेला हा कायदा व्यवहारात त्याचे कवच ठरला. 12 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. बावीस वर्षे वाया गेली होती!

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 1995 मध्ये लालबाबू हुसेन खटल्यात, दिल्ली व मुंबईतील मतदारांना बजावलेल्या नोटिसांच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिला. ज्याचे नाव आधीच यादीत आहे, ते विधिवत नोंदले गेले असे गृहीत धरावे लागेल. त्याची बाजू ऐकल्याविना ते वगळता येणार नाही. काही जण या निर्णयाकडे अडथळा म्हणून पाहतात. पण हे संरक्षण आपल्या घरातील वृद्ध मातेलाही लागू आहे. जन्मदाखला नसलेल्या, विवाहानंतर नाव आणि गाव दोन्ही बदललेल्या स्त्रिया या देशात कोट्यवधी आहेत.

आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीने हाच धडा दिला. 31 ऑगस्ट 2019 च्या यादीतून 19,06,657 अर्जदार वगळले गेले. त्यांत पूर्व बंगालातून छळामुळे आश्रयाला आलेली हिंदू कुटुंबेही होती. उलट, अपात्रांची नावे यादीत राहिल्याची तक्रार करीत राज्य सरकारने सीमावर्ती जिल्ह्यांत फेरतपासणी मागितली. म्हणजे जुन्या कागदांच्या एकाच चाळणीतून खरा नागरिक गळू शकतो आणि खोटा कागद मिळविणारा टिकू शकतो. ब्रह्मपुत्रेच्या पुराने ज्याचे घरच नेले, त्याने 1971 पूर्वीचा कागद कोठून आणावा?

बिहारमधील 2025 चे विशेष सखोल पुनरीक्षण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 7.89 कोटींची यादी प्रारूपात 7.24 कोटींवर आली. वगळलेल्या सुमारे 65 लाख नावांची कारणे होती मृत्यू, स्थलांतर वा पत्त्यावर न सापडणे आणि दुबार नोंदणी. परकीय नागरिक असा वेगळा वर्ग त्या विभागणीत नव्हता. तेव्हा हे सारे 65 लाख घुसखोर होते असे कोणी सांगत असेल, तर ते असत्य आहे. आणि यादीत काहीच बिघाड नव्हता असे कोणी म्हणत असेल, तर तेही असत्यच. 14 ऑगस्टला न्यायालयाने वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करण्यास सांगितले. 8 सप्टेंबरला ओळखीचा पुरावा म्हणून आधार स्वीकारण्याचा आदेश दिला आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हेही स्पष्ट केले. अंतिम यादी 7.42 कोटींची झाली. छाननीही हवी आणि दाद मागण्याची वाटही हवी, हेच यातून सिद्ध झाले.

मग कार्यकर्त्याने काय करावे? घोषणा देणे सोपे. यादी वाचणे कष्टाचे. आपल्या भागाची प्रारूप यादी हाती घ्यावी. मृतांची व स्थलांतरितांची नावे असतील तर नमुना 7 भरून पुराव्यानिशी आक्षेप घ्यावा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांचे नमुना 6 भरून घ्यावेत. खोटे निवेदन हा 31 व्या कलमानुसार एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे, आणि तो नाव घुसविणाऱ्याला जसा लागू आहे, तसा खोटा आक्षेप घेणाऱ्यालाही. शेजाऱ्याची भाषा वा आडनाव हा पुरावा नव्हे.

एका परकीयाचे मत एका नागरिकाच्या मताचे मोल हिरावून घेते. चुकीने वगळलेल्या एका नागरिकाचे तर मतच हिरावले जाते. राष्ट्राची हानी दोन्हींत सारखीच आहे. उंबरठ्यावर पहारा हवाच. पण पहारेकऱ्याला घरची माणसे ओळखता आली पाहिजेत.