पेटीचा रंग



चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी 'पिनबॉलच्या जुन्या पेटीला रंग देणे' असे सांगितले. त्यांना ती थट्टा वाटली. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस आणि महागाईभत्त्यावर बोलावे अशी रीत आहे. परंतु माझी पुष्कळ वर्षे रंगखात्यातल्या माणसांत गेली, आणि ही हकीकत रंगखात्याचीच आहे.

पिनबॉल हा अमेरिकेतला नाणे टाकून खेळायचा खेळ. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर पोलादी गोळी. ती अडथळ्यांवर आपटत खाली येते. 1931 साली शिकागोच्या गॉटलीब कंपनीने 'बॅफल बॉल' काढला आणि धंदा फोफावला. 1947 च्या 'हम्प्टी डम्प्टी'त खेळणाऱ्याच्या हाती गोळी परतवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फ्लिपर आले. त्याआधी बरेचसे नशिबावर असे. म्हणूनच न्यूयॉर्कने 1942 साली याला जुगार ठरवून बंदी घातली आणि यंत्रे घणाने फोडली. ती बंदी 1976 साली उठली. म्हणजे जी पेटी आज शाबूत आहे, ती घणातून, ओलीतून आणि अडगळीतून वाचलेली आहे.

आता त्या पेटीकडे वळू. ती प्लायवुडची असते. वरच्या काचेवरचे चित्र काढणारा रॉय पार्कर आज शौकिनांना नावानिशी ठाऊक आहे. पेटीच्या बाजूंवर गन चालवणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याचे काम असे: सगळ्या पेटीला एक फिकट रंग, काही पेट्यांवर त्यावर दुसऱ्या रंगाचे बारीक तंतू आणि शिंतोडे, मग कापलेला साचा धरून एक रंग, दुसरा साचा धरून दुसरा. आपल्याकडे पोत्यांवर मार्का मारतात, तसेच. दोन-तीन रंगांत काम भागवायचे, कारण प्रत्येक जादा रंग म्हणजे जादा साचा आणि जादा वेळ. पुढे ही साच्याची रीत मागे पडली. आधी छपाई आली, नंतर चिकटपट्टीवरची चित्रे आली.

अशी पेटी पुन्हा रंगवायची तर प्रथम हात आवरावा लागतो. पुष्कळजण आधी पॉलिशपेपर घेतात आणि नक्षी घासून मोकळे होतात. मग ती आठवणार कुठून? म्हणून अगोदर पाय, नाण्याचे दार, धातूच्या पट्ट्या काढायच्या आणि पारदर्शक कागद लावून नक्षीची प्रत्येक कड उतरवून घ्यायची. एक बाजू झिजलेली असली तर दुसरीवरून ताळा पाहायचा. मूळ छटा उघड्या भागावर शोधू नये. तिथला रंग उन्हाने उतरलेला असतो. धातूच्या पट्टीखाली, जिथे ऊन पोचलेच नाही, तिथे तो शिल्लक सापडतो. मग उकललेल्या सांध्यांत सरस भरून शिकंजात आवळायचे. पायांजवळचे कोपरे हटकून फाटलेले असतात, कारण शंभर किलोची पेटी उचलण्याऐवजी लोक ओढतात. लांबी भरायची, घासायचे, अस्तराचा हात द्यायचा, वाळू द्यायचे, पुन्हा घासायचे.

इथे एक खरा वाद आहे. कारखान्यात साचा लाकडाला घट्ट दाबून बसवायला फुरसत नसे. रंग थोडा खाली शिरे आणि नक्षीची कड धूसर होई. आज चिकट कागद कापून लावला तर कड सुरीसारखी येते. कोणी म्हणतात, हेच चांगले. दुसरे म्हणतात, ही मूळ पेटीच नव्हे. आणि ते मुद्दाम साचा पृष्ठभागापासून किंचित उचलून धरतात. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. ती धूसर कड म्हणजे त्या माणसाला किती वेळ मिळत होता याची नोंद आहे. पगारपत्रक नष्ट झाले असेल, कड राहिली आहे. आणि जिथे मूळ रंग निम्म्याहून अधिक टिकला आहे, तिथे पुसून स्वच्छ करावे आणि थांबावे असे माझे मत आहे. चकाकीच्या हौसेपायी चांगल्या पेट्या उगाच खरवडल्या जातात.

दुसरी गोष्ट शिशाची. अमेरिकेत घरगुती रंगातले शिसे 1978 साली बंद झाले. त्याआधीच्या रंगात ते असू शकते, असे धरूनच चालावे. कोरडे घासले की त्याची धूळ छातीत जाते आणि कपड्यांवरून घरातल्या पोरांपर्यंत पोचते. म्हणून ओले घासावे, योग्य मुखवटा बांधावा, काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, झाडू मारू नये. आपल्याकडे 2016 साली नियम झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग अशी ठरली. पण तो नियम घरगुती आणि शोभेच्या रंगांपुरता केला गेला. भिंतीला रंग घेणाऱ्या गिऱ्हाइकाची काळजी झाली. कारखान्यात दिवसभर गन धरणाऱ्याला कोणत्या डब्यातला रंग देतात, हे मी प्रत्येक वाटाघाटीत विचारतो. आपणही आपल्या खात्यात विचारा.

आता शेवटचे काम. काही पेट्यांच्या लाकडात यंत्राचा क्रमांक ठोकलेला असतो. त्यात लांबी जाऊ देऊ नये. आतल्या बाजूस पेन्सिलीच्या खुणा असतात, कुठे तपासनिसाचा शिक्का असतो. आत मुळीच रंग लावायचा नाही. मऊ ब्रशाने धूळ काढायची, आणि नवा रंग नीट कडक होईपर्यंत पाय परत आवळायचे नाहीत, नाही तर बोल्टाखाली तो पापुद्र्यासारखा सुटतो.