चार चाकांचे ऐक्य

मनालीहून अटल बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिवाळ्यात बर्फ पडले, की चारही चाकांना गती देणाऱ्या मोटारीचा मोठा भरवसा वाटतो. तो सार्थ ठरावयाचा तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे व सारखेच झिजलेले असावे लागतात.

एक टायर फुटला म्हणून तेवढाच नवा बसविणारा गृहस्थ तीन टायरांचे पैसे वाचवितो. परंतु नव्याच्या खाचा ८ मिलिमीटर खोल व जुन्यांच्या ४ च उरल्या असतील, तर परिघांत सुमारे २५ मिलिमीटरांचे अंतर पडते. मध्यम आकाराच्या मोटारीचे जुने चाक मग दर किलोमीटरमागे पाच-सहा फेरे अधिक फिरते. वळणापुरता असा फरक सोसण्यासाठी योजिलेल्या यंत्रणेला सरळ रस्त्यावरही उसंत मिळत नाही. ती तापते, झिजते आणि वाचविलेले पैसे व्याजासह वसूल करते. बर्फावर तर प्रश्न प्राणांचा असतो. पुढची चाके जमीन धरतात, मागची गुळगुळीत चाके सुटतात आणि उतारावर गाडी आडवी होते.

एका जुवाला उंच व ठेंगणा बैल जुंपला, तर दोघांच्याही माना सोलवटतात, हे शेतकरी जाणतो. चाकांच्या जागा नियमाने बदलून झीज समान राखणे आणि घाट चढण्यापूर्वी चारही टायरांच्या खाचा मोजणे, एवढे मोटारवाल्यानेही करावे.