चिऱ्याची भिंत आणि बॉम जेझू

आम्ही गटातल्या चौदा जणी जुन्या गोव्याला जाऊन आलो, बॉम जेझूचं चर्च बघायला. हे चर्च बाळ येशूच्या नावाचं. 1594 साली पाया घातला, 1605 साली पुरं झालं.

आत शिरलो आणि समोरची वेदी बघतच राहिलो. लाकूड कोरून त्यावर सोन्याचा मुलामा, खालपासून पार वरपर्यंत. गंमत म्हणजे चर्च बाळाच्या नावाचं, पण बाळाची मूर्ती लहानशी आणि तिच्यावर संत इग्नेशियसची केवढी मोठी! उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने पाठवला, तो 1698 साली बसवला. पण आम्हाला जास्त आवडली ती त्यावरची चांदीची पेटी. ती गोव्याच्याच सोनारांनी 1637च्या सुमाराला घडवली. संतांच्या आयुष्यातले प्रसंग चांदीत उठवलेत. ड्यूकचं नाव सगळे सांगतात, सोनारांचं कुणीच नाही.

बाहेर आलो आणि सगळ्या जणी थबकलो. भिंत लाल, उघडी. आपलाच जांभा चिरा! दर्शनी भागातला काळा दगड वसईहून आणला असं सांगतात, बाकी सारा चिरा. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा होता. 1950च्या दशकात, पोर्तुगीजांच्याच राज्यात, इमारत जुनी दिसावी म्हणून तो काढून टाकला. चिरा भोकाभोकांचा, पाणी पितो. गोव्याचा पाऊस आपल्यासारखाच. दगड झिजतोय, म्हणून पुन्हा गिलावा करा असं चर्चच्या लोकांनीही म्हटलंय. पण लाल रूपाची आता लोकांना सवय झालीय. टपाल तिकिटावर, कॅलेंडरवर तेच. काही जण म्हणतात, असूदे तसंच.

आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "आमच्या सासूबाई मृगाआधी पडवी लिंपायच्या, त्या काय दिसण्यासाठी?"

आम्ही सगळ्या गप्प. कारण आमची पापडाची शेड. गवंड्याने सांगितलं, चिरा उघडाच ठेवा, हल्ली तीच फॅशन आहे. आम्हालाही बरं वाटलं, पैसे वाचले. आणि पहिल्याच पावसात पश्चिमेची भिंत आतून ओली, दोन पोती उडीदपीठ बुरशीने गेलं.

येत्या बैठकीत गिलाव्याचा खर्च मांडणार आहोत. चुना की सिमेंट, त्यावर वाद होणारच. चुन्याचं काम जाणणारा गवंडी तुमच्या गावात असेल तर आम्हाला जरूर कळवा.