ड्रायव्हर कोणाच्या हजेरीपटावर?



ड्रायव्हर हा शब्द आम्ही आयुष्यभर ऐकत आलो तो मोटार कामगारांच्या सभांतून. पाळी, भत्ता, रजा, हे त्याचे प्रश्न. आज ज्या ड्रायव्हरविषयी बोलावयाचे आहे, त्याला ना पोट, ना बिऱ्हाड. संगणकात बसून वायफायची चिप हाकणारा तो एक प्रोग्राम आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात बसून आणि जाणत्या पोरांना विचारून. तरीही हा विषय एकट्या इंजिनियरांचा नव्हे, अशी आमची खात्री झाली आहे.

प्रथम वस्तू पाहू. खेळायच्या पत्त्याएवढ्या एका बोर्डावर अख्खा संगणक मावतो. २०१२ साली इंग्लंडातून ‘रास्पबेरी पाय’ नावाचा असा बोर्ड विक्रीस आला. २०१६ च्या तिसऱ्या मॉडेलात वायफाय अंगचेच आले. त्यापूर्वी बाहेरून डोंगल लावावा लागे. शाळेची प्रयोगशाळा, कारखान्यातील मोजमाप, दुकानातील फलक, अशा ठिकाणी हे बोर्ड राबतात.

वायफाय चालावयास तीन गोष्टी लागतात. पहिली चिप. दुसरी फर्मवेअर, म्हणजे चिपच्या स्वतःच्या पोटात चालणारा प्रोग्राम. बोर्ड सुरू होताना तो बहुधा बाहेरून भरावा लागतो. तिसरा ड्रायव्हर. हा लिनक्सच्या गाभ्यात राहून चिपशी बोलतो. लिनक्स १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लोकांपुढे ठेवला. १९९२ पासून त्याचा परवाना असा आहे, की कोणीही तो वाचावा, सुधारावा, वाटावा. मात्र वाटताना घेणाऱ्यालाही तेच हक्क द्यावेत.

मग अडते कोठे? आमच्या युनियनच्या कचेरीत अशाच एका बोर्डावर वर्गणीचा हिशेब ठेवतात. एके दिवशी लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि वायफायचा डोंगल मुका झाला. डोंगल धडधाकट होता. त्याचा ड्रायव्हर बनवणाऱ्याने जुन्या गाभ्यापुरता लिहून दिला होता, आणि तो स्वतः केव्हाच नव्या मालाकडे वळला होता.

याचे कारण समजून घ्या. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. तिची आतली रचना बदलत राहते. ती कायम ठेवण्याचे वचन कोणी दिलेले नाही. परंतु एक शिस्त आहे: जो आतली रचना बदलतो, त्यानेच गाभ्यात सामील असलेले सर्व ड्रायव्हर त्याप्रमाणे दुरुस्त करावयाचे. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरची जबाबदारी कोणावरच नाही. हजेरीपटावरचा कामगार आणि कंत्राटी कामगार यांतला फरक आमच्या श्रोत्यांना सांगावयास नको. पाळी बदलली की पटावरच्याची व्यवस्था होते. कंत्राटी माणूस फाटकाबाहेर उभा राहतो.

पटावर नाव लागणेही सोपे नव्हते. ब्रॉडकॉम कंपनी आपल्या वायफाय चिपची माहिती बाहेर देत नसे. तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर अभ्यासून चिपचे वर्णन लिहून काढले, आणि दुसऱ्यांनी केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. तो २००६ साली गाभ्यात दाखल झाला. २०१० च्या सप्टेंबरात खुद्द कंपनीनेच आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. गुपित उघडल्याने कंपनी बुडाली नाही.

कंपन्यांचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. हवेतील लहरी सर्वांच्या; कोणी मन मानेल तेवढ्या जोराने ओरडू लागला, तर शेजाऱ्याचे बंद पडेल. म्हणून प्रत्येक देशाची बंधने असतात. भारताने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या वापरास परवान्यावाचून मोकळा केला. पण देशोदेशींच्या या नियमांची यादी लिनक्समध्ये उघड ठेवलेली आहे. नियम पाळावयास गुप्तता लागत नाही.

उलट गुप्ततेची किंमत पडते. २०१७ साली ब्रॉडकॉमच्या चिपांतील फर्मवेअरमध्ये एक मोठे छिद्र सापडले. दूर बसलेल्या माणसाला त्यातून आत शिरता येई. फर्मवेअर बंद होते, त्यामुळे दुरुस्तीसाठी कंपनीकडेच पाहावे लागले. बनवणाऱ्याने पाठ फिरवलेल्या यंत्राला अशी दुरुस्ती कोठून मिळणार? त्याच्या नशिबी भंगार, किंवा उघडे दार.

तेव्हा शाळा, ग्रंथालये आणि नगरपालिका यांनी खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. आत चिप कोणती? खोक्यावरचे नाव पुरत नाही. त्याच नावाखाली पुढे चिप बदललेली असते. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आहे काय? फर्मवेअर वाटण्याची मुभा आहे काय? आणि सुधारणा किती वर्षे मिळतील? उत्तरे निविदेत लेखी घ्यावीत. तोंडी आश्वासनाला किती अर्थ असतो, हे संप केलेल्या माणसाला विचारा!

शेवटी एकच. हे ड्रायव्हर माणसे सांभाळतात. काही पगारावर, काही रात्री घरी जागून. त्यांच्या श्रमावर आपली यंत्रे चालतात. ज्या संस्था त्यातून लाभ घेतात त्यांनी त्या श्रमाचे मोल द्यावे, आणि पैसे मोजून घेतलेले यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क आपण कोणाकडे गहाण टाकू नये, एवढीच आमची विनंती आहे.